थांबायची ऐपत: सोलापूरच्या टॉवेलवरून विषमतेचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "मी सोलापुरात अर्थशास्त्रात एम.ए. करते. एक पुस्तक म्हणतं जागतिकीकरणामुळे जगातली गरिबी घटली. दुसरं म्हणतं वरच्या एक टक्क्यानं सगळं ओरबाडलं. माझे वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते, भाऊ पुण्यात आयटीत आहे. आमच्या एकाच घरात मला दोन्ही गोष्टी खऱ्या दिसतात. मग बरोबर कोण? आणि प्रबंधासाठी मी सोलापुरात नेमकं काय बघू?"

मी कुठल्या चष्म्यातून बोलतोय ते आधी सांगतो. तीसेक वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आणि पूर्व भागातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं कॉस्टिंग बघतो. सकाळी मालकाच्या केबिनमध्ये बसून डझनाचा भाव काढायचा, आणि दुपारी त्याच कारखान्यातल्या माणसांचे पीएफचे फॉर्म भरायचे. एकाच टॉवेलच्या दोन्ही बाजू रोज हाताखालून जातात. मी प्राध्यापक नाही, सिद्धांत गरजेपुरते वाचलेत. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

बरोबर कोण, हे पटकन उरकतो, कारण भांडण मोजपट्टीचं आहे. जागतिक बँकेच्या जुन्या दारिद्र्यरेषेनं मोजलं तर १९९० मध्ये जगात साधारण तिघांतला एक माणूस अतिगरीब होता. कोविडच्या तोंडावर ते प्रमाण दहात एकाच्याही खाली आलं होतं. हे खरं आहे आणि त्यात चीनचा वाटा फार मोठा आहे. क्रिस्टोफ लाकनर आणि ब्रँको मिलानोविच यांनी १९८८ ते २००८ या वीस वर्षांत जगातल्या कुठल्या थराचं उत्पन्न किती वाढलं याचा आलेख काढला. तो हत्तीसारखा दिसतो. मधल्या थराची पाठ उंच, ती मुख्यतः चीनसारख्या आशियाई देशांतल्या लोकांची. पुढे श्रीमंत देशांतल्या कामगारवर्गापाशी सोंड खाली लोंबते, आणि अगदी टोकाला, जगातल्या वरच्या एक टक्क्यापाशी, पुन्हा वर उचलते. म्हणजे देशादेशांतलं अंतर कमी झालं आणि देशाच्या पोटातलं वाढलं. दोन्ही पुस्तकं एकाच हत्तीबद्दल बोलतात, एकानं पाठ धरली आहे आणि दुसऱ्यानं सोंड.

भारतापुरतं बघितलं तर आणखी गंमत आहे. २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीवरून जागतिक बँकेनं आपला गिनी निर्देशांक (० म्हणजे सगळे समान, १०० म्हणजे सगळं एकाकडे) २५.५ काढला, आणि लगेच 'भारत जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक' अशा बातम्या झळकल्या. त्याच वर्षासाठी वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या पॅरिसच्या संशोधनसंस्थेच्या अभ्यासात वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा निघाला. खोटं कुणीच बोलत नाही. पहिला आकडा खर्चाचा आहे. माणूस कितीही श्रीमंत झाला तरी किती भाकऱ्या खाणार? शिवाय पाहणीवाला बंगल्याच्या फाटकापाशीच अडतो. दुसरा आकडा आयकराची कागदपत्रं वगैरे जोडून केलेला अंदाज आहे. त्यात गृहीतकं भरपूर, पण वरचा थर त्यात दिसतो तरी. प्रबंधात खर्च आणि उत्पन्न यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका, परीक्षक पहिला त्यावरच पकडेल.

आता टॉवेल. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या टॉवेलात आहे, म्हणून इथे जरा बसतो.

समजा ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, अर्धा किलो वजनाचा एक टॉवेल आहे आणि तो कारखान्याच्या दारातून २०० रुपयांना निघतो. आकडे गोल केलेत, पण प्रमाण रोजच्या बघण्यातलं आहे. त्यात सूत १२० रुपयांचं. रंगाई-धुलाईचे २५. वीज १०. विणकर, कांडी (आडव्या धाग्याची नळी) भरणारी बाई, मागांची देखभाल करणारा जॉबर, कटिंग-शिलाई, चेकिंग, पॅकिंग, अशी सगळी मजुरी मिळून २२. व्याज, घसारा, ऑफिस, भाडं १३. मालकाचे उरले १०. तोच टॉवेल परदेशातल्या दुकानात तिप्पट-चौपट दरानं विकला जाणं काही नवलाचं नाही. एसर या तैवानच्या संगणक कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास हसऱ्या ओठांसारखी वक्ररेषा काढून दाखवली होती: डिझाइन आणि ब्रँड या दोन टोकांना पैसा, मधे प्रत्यक्ष बनवण्यात सगळ्यांत कमी. आपलं अख्खं शहर त्या ओठाच्या खालच्या मधल्या वळणात बसलेलं आहे. चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. पण निर्यातीच्या टॉवेलवर लेबल लागतं परदेशी दुकानाचं, त्यावर सोलापूर हे नाव औषधालाही नसतं.

आता खरेदीदार म्हणतो, भाव पाच टक्के कमी करा. दोनशेचे पाच टक्के म्हणजे दहा रुपये, मालकाचा पूर्ण नफा. मालक कागद माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "बघा ओ साहेब, कुठं बसतंय का." मी ओळीनं बघत जातो. सुताचा भाव गिरणी ठरवते, तिथे हात लागत नाही. रंगाईवाला आधीच रडतोय. विजेचा दर मुंबईत ठरतो. व्याज बँकेचं. बोट खाली सरकत सरकत २२ वर येऊन थांबतं. दर वेळी तिथेच थांबतं. मालक राक्षस असायची गरजच नाही. मी बघितलेले बरेच मालक स्वतःच माग चालवून वर आलेले आहेत, पोटात कालवाकालव होते त्यांच्या. कागदावर दुसरी ओळ मऊ नसते, एवढंच.

बरं, मजुरीचा दर कुणी उघड कमी करत नाही. करार असतो, युनियन असते, बोभाटा होतो. दर तोच राहतो, दिवस कमी होतात. रात्रपाळी बंद. आठवड्यात एक खाडा जास्त. 'बीम संपलाय, परवा या.' (बीम म्हणजे मागावर चढवलेल्या उभ्या धाग्यांचा रूळ.) कामगाराला विचारलं तर तो म्हणतो, पगार काय कमी नाही झाला, कामच नव्हतं. मजुरीदराची तुमची तालिका वर्षभर सरळ रेषेत राहील आणि घरात मात्र तेलाची बाटली अर्ध्या लिटरची झालेली असेल.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये हे डोळ्यांसमोर झालं. अमेरिकेनं भारतीय मालावर ७ तारखेपासून २५ टक्के जादा आयातकर लावला, २७ तारखेपासून तो ५० केला. अमेरिकेचे ऑर्डरवाले त्या आठवड्यात सगळे एकच वाक्य लिहीत होते: बोजा वाटून घेऊ. वाटून घेऊ म्हणजे आमच्या बाजूनं कोण, हा प्रश्न तिकडच्या माणसाला पडत नाही आणि पडायचं कारणही नाही. एका कारखान्यात मी शनिवारी हिशेबाला गेलो तर शिलाई विभागात निम्म्या मशिनींवर झाकणं. पॅकिंगची एक अक्का बाकड्यावर बसून कार्टनच्या पट्ट्या वळत होती. विचारलं, "आज पॅकिंग नाही का?" तर म्हणाली, "तिकडं कोणतरी टॅक्स वाढवलाय म्हणं. आमाला सोमवारी फोन करतो म्हणालेत." त्या बाईला वॉशिंग्टनची बातमी हजेरीपुस्तकातून कळली. तुमच्या पुस्तकातलं जागतिकीकरण ते हेच.

यातून मला जे दिसतं ते असं. या साखळीत माल, पैसा आणि धोका या तिन्ही गोष्टी फिरतात. मालावर आणि पैशावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. धोक्याकडे कुणी फारसं बघत नाही. तो पाण्यासारखा उताराला वाहतो आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्या दारात जाऊन साचतो.

थांबणं म्हणजे काय ते तारखांत सांगतो. सूत रोखीनं, फार तर पंधरा दिवसांच्या उधारीवर. वार्पिंग (उभे धागे बीमवर गुंडाळणं), विणाई, रंगाई, शिलाई यांत महिना-दीड महिना. मग कंटेनर न्हावाशेवाला, तिथून जहाज. आणि खरेदीदाराचे पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजावर माल चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून कधी ६०, कधी ९० दिवसांनी. म्हणजे सुतात घातलेला रुपया परत दिसायला तीन ते पाच महिने. हे महिने कुणीतरी थांबायचं असतं. मोठा निर्यातदार बँकेच्या पैशावर थांबतो. छोटा माणूस, जो दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर चार माग चालवतो, तो बाजारातून महिन्याच्या टक्क्यानं उचलून थांबतो. विणकराला आठवड्याचा पगार लागतो, तो थांबूच शकत नाही. म्हणून तो मालकाकडून उचल घेतो, आणि उचल अंगावर असली की दुसऱ्या कारखान्यात चार रुपये जास्त मिळत असले तरी जाता येत नाही. कामगाराची सौदा करायची ताकद तिथेच गोठते, कुठलाही कायदा न मोडता. त्याच्या बायकोच्या नावावर फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता असतो तो वेगळाच.

सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत म्हणून आयकर कायद्यात ४३-ब (एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून आलं. चांगलं आहे. पण ते इथल्या खरेदीदाराला लागू. हॅम्बर्ग किंवा न्यूयॉर्कच्या दुकानदाराला त्याचं काय?

थांबण्याचा फायदा कसा होतो तेही बघा. २०२२ च्या मे महिन्यात कापसाच्या एका खंडीनं लाख रुपये ओलांडले. खंडी म्हणजे ३५६ किलो. ज्यांनी आधी सूत भरून ठेवलं होतं त्यांनी त्या दोन महिन्यांत कमावलं ते तीन वर्षांत कमावलं नसेल. ज्यांच्याकडे भरायला पैसा नव्हता त्यांनी माग बंद ठेवले, आणि काहींनी ते पुन्हा उघडलेच नाहीत, वजनावर भंगारात घातले. दोघांनाही भाव तोच होता.

सोलापूर पूर्वी आपलं आपलं सुखात होतं आणि १९९१ नंतर जग आत घुसलं, अशी गोष्ट आपल्याकडे सांगायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. रेल्वे इथे १८६० ला आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडे दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. चढत्या भावावर काढलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं, त्यात सारावाढ. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्याच्या मागे हेही एक कारण होतं. मग १८७९ ला सरकारनं शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा केला, तो पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना. जग आपल्या दारात दीडशे वर्षं आहे. तेव्हाही भाव तिकडे हलला आणि कर्ज इकडे उरलं. सोलापूरची 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाली ती १८७७ ची, याच धामधुमीतली.

तुम्ही अर्थशास्त्राच्या आहात तेव्हा स्टोल्पर-सॅम्युएलसन तुम्हाला शिकवलं असेल. १९४१ चा तो सिद्धांत म्हणतो की ज्या देशात मजूर मुबलक तिथे व्यापार खुला झाला की मजुराचा भाव वाढायला हवा. सोलापुरात तो तसा का वाढला नाही? मला तीन कारणं दिसतात, पण तिघांचं वजन सारखं नाही.

एक कारण तुमच्या दुसऱ्या पेपरातलं आहे, आर्थर लुईस, १९५४. खेड्यात रिकामे हात जोवर आहेत तोवर शहरातली मजुरी हलत नाही. सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोटचा कोरडवाहू पट्टा आणि सीमेपलीकडचं विजयपूर-कलबुर्गी इथून दर दुष्काळात माणूस येतोच. पूर्व भागातले पद्मशाली तर पिढ्यान् पिढ्या आधी तेलंगणातून असेच आले.

खरं जड कारण यंत्राचं आहे. १ एप्रिल १९९९ पासून केंद्रानं तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली, नव्या मशिनींच्या कर्जावर पाच टक्के व्याज सरकार भरणार. हेतू वाईट नव्हता. १ जानेवारी २००५ ला कपड्यांच्या व्यापारातले कोटे संपणार होते. १९७४ पासून कुठल्या देशानं किती माल पाठवायचा याच्या मर्यादा होत्या त्या उठणार होत्या, आणि चीन, पाकिस्तान समोर उभे होते. ज्यांच्याकडे तारण ठेवायला जागा होती त्यांनी रॅपियर, म्हणजे कांडीशिवाय आडवा धागा ओढणारे वेगवान, माग आणले. साध्या मागावर माणूस दोन माग सांभाळतो. रॅपियरवर त्याहून किती तरी जास्त, आणि मागाचा वेगही वेगळा. कांडी तर लागतच नाही, त्यामुळे कांडी भरणाऱ्या बाईचं कामच गेलं, तिला नोटीसही द्यावी लागली नाही. ती कुठल्या हजेरीपुस्तकात होती म्हणून? माल वाढला, निर्यात वाढली, प्रति टॉवेल मजुरी घटली. मदत यंत्राला मिळाली, माणसाला शिकवायला मिळाली असती तर चित्र थोडं वेगळं झालं असतं असं मला वाटतं. खात्रीनं नाही म्हणत.

तिसरं कारण शेजाऱ्यांचं. पाकिस्तानी टॉवेलला युरोपात २०१४ पासून जीएसपी प्लस या विकसनशील देशांसाठीच्या युरोपीय सवलतीखाली आयातकर माफ झाला. आम्ही कर भरून त्याच्याशी भावात लढायचं. ती लढाई कुठल्या ओळीतून लढली जाते ते वर सांगितलंच.

आता विडी, म्हणजे तुमच्या आईचं काम. विडी तर परदेशी जात नाही, तिचा जागतिकीकरणाशी काय संबंध, असं माझ्याही मनात होतं. संबंध असा की तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारतानं २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच धोरणाच्या ओघात २०१६ च्या एप्रिलपासून पुड्यांवर ८५ टक्के जागेत चित्रमय इशारा आला. आरोग्याच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, त्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या बायकांच्या खोकल्यासाठी तर नक्कीच. पण त्या बायकांना दुसरं काय काम द्यायचं, हे तितक्या तातडीनं कुणी लिहून काढलं नाही. उलट १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा विडी कामगार कल्याणाचा उपकर रद्द झाला. त्या उपकरातून दवाखाने चालायचे, मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. ते आता अर्थसंकल्पात जी तरतूद होईल तिच्यावर. हक्काचा झरा होता, आता वरून पाणी सोडलं तर यायचं.

आणि विडीच्या ब्रँचमध्ये, जिथे वळलेल्या विड्या जमा करतात तिथे, जाऊन एकदा छाट बघाच. हजार विड्या घेऊन बाई जाते, चेकर मुठीनं उचलतो, अंगठ्यानं दाबतो आणि काही बाजूला टाकतो. पान फाटकं, तंबाखू सैल. बाजूला टाकलेल्याचे पैसे नाहीत, आणि पान मुळात खराब दिलेलं असलं तरी बोलायची सोय नाही. तेंदूपत्ता खराब निघण्याचा धोका मालकाचा असायला हवा ना? तो चेकरच्या अंगठ्याखालून बाईच्या पदरात जातो.

सामाजिक विषमतेबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण ती वेगळी काढताही येत नाही. कुठल्या खात्यात कोण बसतं हे सिद्धांतात नसतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत, आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. कारण? धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या मागाच्या भागातली, कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणजे विटाळ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. आज धोटा गेला, रॅपियर आला, तोंड लावायची गरज राहिली नाही. तरी माझ्याकडच्या हजेरीपुस्तकांची आडनावं खात्यानुसार वाचत गेलो की एक नकाशा दिसतो: विणाईला कोण, बॉयलरवर कोण, झाडलोटीला कोण. बायका शिलाई-पॅकिंगच्या पुढे क्वचित. सुपरवायझर बाई मी तीस वर्षांत मोजून चार बघितल्या.

पाण्याचंच घ्या. शहरात नळ चार-पाच दिवसांआड. उजनी एवढी ११७ टीएमसीची, जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने, ऊस त्या पाण्यावर डोलतो, आणि शहरात पाण्याचं वेळापत्रक. अपार्टमेंटमध्ये खाली मोठा हौद असतो, तिथल्या माणसाला पाणी कधी येतं तेही माहीत नसतं. झोपडपट्टीत मात्र पाण्याच्या दिवशी एका बाईचा खाडा ठरलेला. कापसात जे सुताचं गोदाम करतं, तेच इथे हौद करतो.

तुमच्या भावाबद्दल. पुण्याचा आयटीवाला आणि सोलापूरचा विणकर, दोघंही परदेशी गिऱ्हाइकाचंच काम करतात. भावाला महिन्याच्या शेवटी पगार मिळतो, गिऱ्हाइकानं बिल चुकवलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. नोकरी गेली तर नोटीसचे दोन-तीन महिने हातात. तुमच्या वडिलांना गिऱ्हाइकाचा ईमेल त्याच आठवड्यात लागू होतो. शिक्षणानं पगार वाढवला हे तर झालंच, पण त्यानं भावाला धोक्यापासून चार पायऱ्या वर नेऊन बसवलं. पुण्याची गाडी पकडून इथली शिकलेली पोरं जातात त्याला आपण प्रगती म्हणतो, ती आहेही. इथे मात्र मागं उरतात ते ज्यांना जाता येत नाही ते, आणि मजुरीचा दर त्यांच्यावरून ठरतो.

काय केल्यानं फरक पडतो? याबद्दल माझं मत आहे, ते सगळ्यांना आवडत नाही. मजुरीदर वाढवा म्हणणं सोपं आहे, पण वर हिशेब दाखवला. मला जास्त फरक पडताना दिसला तो घरानं. कुंभारीला आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायकांना घरं मिळाली, मग रे नगरची तीस हजारांची योजना आली, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. इथले कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या राजकारणाबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, यामागे त्यांची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. घर झालं की भाडं थांबतं, आणि भाडं थांबलं की बाईला एक आठवडा 'नाही' म्हणता येतं. अडचणही आहे. शहरापासून दहा-बारा किलोमीटर, रिक्षाला पैसे, रात्रपाळीहून परतायचे हाल. पण 'नाही' म्हणता येणं ही चीज मी पूर्वी फार कमी घरांत बघितली होती.

दुसरी गोष्ट पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), आणि इथे मला माझंच एक काम सांगितलं पाहिजे. पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नवा होतो. एका मालकानं सांगितलं, एकाच शेडमध्ये चार फर्म करा: एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, दोन भावांच्या. प्रत्येकात पंधरा-सोळा माणसं. कागद मीच केले, सुबक केले. पीएफ कायद्याच्या कलम २-अ प्रमाणे एका आस्थापनेचे तुकडे एकच धरले जातात, हे मला माहीत होतं. कुणी तपासायला आलं तर बघू, असं म्हणालो. कुणी आलं नाही. पुढे पंधरा वर्षांनी त्या शेडमधला एक विणकर छातीत दुखून गेला. त्याची बायको माझ्याकडेच आली, पीएफचे किती मिळतील विचारायला. तिच्यासमोर टेबलावर ठेवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. त्या मालकाला मी दोष देत नाही, म्हणजे देतो, पण सही घेण्याआधीचा मसुदा माझा होता.

प्रबंधासाठी शेवटचं. उत्पन्न किती, हा प्रश्न घरोघर विचाराल तर कुणी खरं सांगणार नाही आणि सांगितलं तरी आठवड्याला बदलेल. मी मागे एकदा अशोक चौकाच्या मागच्या एका बोळात, माझ्याच कुतूहलापोटी, सोळा घरांत एकच प्रश्न विचारला होता: काम आजपासून बंद झालं, कुणाकडून नवं कर्ज काढायचं नाही, तर घर किती दिवस चालेल? तुम्ही हाच विचारा. सोबत विचारा की मागच्या वर्षात सलग किती दिवस काम नव्हतं, आणि तेव्हा पहिली कुठली गोष्ट बंद केली. जमलं तर हेच प्रश्न मालकांना आणि तुमच्या भावाच्या ऑफिसातल्यांनाही विचारा. मग तीन रकाने शेजारी ठेवा.

त्या सोळा घरांतली बहुतेक उत्तरं दिवसांत होती. चार, आठ, दहा. एका घरात विड्या वळणाऱ्या मावशीनं सूप मांडीवरून न हलवता सांगितलं, "किराणावाला देईल तवर." मग पानाची कडा मुडपत उलट मलाच विचारलं, "तुमचं किती दिवस चालतंय?"

मी हसून वेळ मारून नेली. रात्री घरी बसून पासबुकं काढली आणि हिशेब केला. तीन वर्षं आणि दोन महिने निघाले.